कोकणातल्या जुन्या वखारीत आम्ही काही चित्रकार मिळून सहकारी तत्त्वावर आर्ट गॅलरी काढतोय. नोंदणी कशी करायची आणि असं काही चालतं का?

नोंदणीचं सांगणारे पुष्कळ भेटतील. 1960 चा सहकार कायदा, वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान 10 सभासद, एका सभासदाला एक मत, दरवर्षी ऑडिट. बाकीचं निबंधक कार्यालयात कळेल. मी एवढंच विचारतो : पहिल्या प्रदर्शनात दारासमोरच्या भिंतीवर कुणाचं चित्र लागणार? ते ठरलं नसेल तर वखारीला कुलूपसुद्धा विकत घेऊ नका.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे दूध सहकारात, साखर सहकारात, मग चित्रांनीच काय घोडं मारलंय, म्हणून आम्हीही शिवाजी पेठेत एका वाड्याची माडी भाड्याने घेतली होती. शाहू स्मारकचं दालन मिळवायचं, टेम्पोतून चित्रं न्यायची, मुदत संपली की पुन्हा घरी आणून पलंगाखाली सारायची, याचा वीट आला होता. वर्गणी काढली, भिंतींना चुना मारला, लाइट लावले. सुरुवातीला बरं चाललं.

मग दिवाळीच्या प्रदर्शनाला, नुकतंच शिक्षण संपवलेल्या एका पोराने उसाच्या जुन्या चरकाची दातेरी चाकं जोडून केलेलं शिल्प आणलं आणि दारासमोर उभं केलं. आमचे एक ज्येष्ठ सभासद आले. जलरंगात त्यांचा हात असा की कागदावर रंकाळ्याचं पाणी हलायचं, ते कबूल. म्हणाले, "हे भंगार जिन्याखाली ठेवा. आबालाल रहिमानांच्या गावात आल्या आल्या हे दिसायला नको." आबालाल म्हणजे कोल्हापूरचे जुने थोर चित्रकार, त्यांचं नाव निघालं की इथे कुणी पुढे बोलत नाही. मी बोललो. म्हटलं, बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला, तेव्हा ते सुटे भागही कुणाला तरी भंगारच वाटले असतील. झालं! तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

पुढच्या सभेत ठराव आला : वास्तववादी मंडळींना पुढचा हॉल, मॉडर्नवाल्यांना मागची खोली, दोघांच्या निवड समित्या वेगळ्या. भांडण मिटावं म्हणून केलं म्हणे. तीन-चार पोरं बाहेर पडली, त्यांच्याबरोबर भाड्याचा वाटा गेला, आणि शेवटी माडी सोडावी लागली. आता तिथे मोबाइल कव्हरचं गोदाम आहे.

नंतर कधीतरी इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरच्या सेंट आइव्ह्‌जबद्दल वाचलं आणि हसू आलं. तिथे 1949 मध्ये शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, चित्रकार बेन निकोल्सन वगैरेंनी पेन्विथ सोसायटी ही कलाकारांची संस्था काढली. वर्षाच्या आतच सभासदांचे गट पाडले : अ म्हणजे वास्तववादी, ब म्हणजे अमूर्त, क म्हणजे कारागीर. त्यावरून पीटर लॅन्यनने राजीनामा दिला. तो स्वतः आधुनिक चित्रकार, शिवाय त्याच गावात जन्मलेला. म्हणजे हा रोग फक्त आमच्या पेठेतला नाही. ती संस्था टिकली मात्र. 1961 मध्ये तिने तारली मासे खारवण्याच्या जुन्या कारखान्यात गॅलरी थाटली. तुमच्या वखारीसारखंच प्रकरण.

तेव्हा गट पाडू नका. प्रत्येक प्रदर्शनाला भिंतींच्या चिठ्ठ्या टाका. मी त्याच सभेत हे सुचवलं होतं, "ही काय भिशी आहे का?" म्हणून हसले सगळे. चिठ्ठीने एखादं टुकार चित्र दारात लागेलही. तेवढं महिनाभर सोसा. आणि भाडं चित्रविक्रीवर अवलंबून ठेवू नका. चेन्नईजवळ किनाऱ्यावर चोलमंडल हे चित्रकारांचं गाव आहे. 1966 मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांच्याबरोबरच्या चित्रकारांनी बाटिकसारख्या हस्तकलेच्या वस्तू विकून ती जमीन घेतली. पोट बाटिकवर, चित्र मोकळं.

वखारीचं थोडक्यात. समुद्राला लागून असेल तर दुरुस्तीआधी सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांचं, विचारून घ्या. जांभ्याच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका, ओल आत कोंडते, चुन्याचंच करा. फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवा, खिळ्यांऐवजी पितळी स्क्रू वापरा. जलरंगातली कामं पावसाळ्यात तिथे ठेवूच नका, कागदावर बुरशी येते.

चालतं का, म्हणाल तर चालतं. आमचं नाही चाललं. ते ज्येष्ठ अजून सांगत फिरतात की पोरं वर्गणी बुडवून पळाली. वर्गणी थकली होती, हे खरं आहे. पण मागच्या खोलीला पुढच्या हॉलइतकीच वर्गणी का, हे त्या पोरांनी भर सभेत विचारलं होतं आणि इतिवृत्तात त्याची एक ओळ नाही. इतिवृत्त त्या ज्येष्ठांनीच लिहिलं होतं. तुमच्याकडे ते कोण लिहिणार, तेही आत्ताच ठरवून टाका.