वाचक विचारतात : माशांना जिना

प्रश्न : आमच्या गावच्या सहा मीटर उंच बंधाऱ्यावर छोटं वीजघर होणार आहे. पावसाळ्यात वर चढणाऱ्या माशांसाठी जिना बांधता येईल का? मग गोकाकच्या धबधब्यावरही का नको? – एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : आधी गोकाकचं. तिथली 52 मीटरची उडी घटप्रभा नदीची स्वतःची आहे. खालचा मासा तिथून वर कधी जातच नव्हता, त्यामुळे जिन्याचा प्रश्न येत नाही. तुमचा बंधारा मात्र माणसाने घातलेला आहे.

टप्प्याटप्प्यांच्या कुंडांचा जिना करता येईल. परदेशातला सामन मासा उंच उडी मारतो. आपले कार्प जातीचे मासे तसे नाहीत. दर टप्प्याला 20 सेंटिमीटर धरले तर तीसेक टप्पे होतात, आणि कुंड दोन मीटर लांब धरलं तर जिना साठ मीटरच्या घरात जातो. कुंडांमधल्या भिंतींना वरपासून तळापर्यंत उभी फट ठेवा. पाणी वरखाली झालं तरी चालतं, तळाने पोहणाराही जातो.

खरी मेख खालच्या तोंडाची. मासा जोराच्या प्रवाहाकडे येतो, म्हणजे टर्बाइनमधून पाणी सुटतं तिथे. कंत्राटदार सोयीसाठी जिना पलीकडच्या काठाला काढतो आणि तो रिकामा पडतो! नकाशात हे आधी बघा.

उतरणाऱ्या पिल्लांसाठी टर्बाइनच्या तोंडाशी बारीक जाळी आणि बाजूने वेगळी वाट हवी. जिन्यातून सोडायचं पाणी करारातच लिहून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात तेही विजेकडे वळतं.