बंद कॅमेऱ्यापलीकडचे विद्यार्थी

प्रश्न : मी पदवीच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र ऑनलाइन शिकवते. तासाला सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात आणि काही विचारले की कोणीच बोलत नाही. कॅमेरा सक्तीचा करावा का?

उत्तर : करू नये. अनेकांच्या घरी एकाच खोलीत सगळे कुटुंब वावरत असते, शिवाय डेटाही पुरवून वापरावा लागतो. बंद कॅमेऱ्याचा अर्थ दर वेळी अनास्था असा काढणे अन्यायाचे ठरेल. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातील अभ्यासकांनी २००० साली ऑनलाइन शिकण्याविषयी जी मांडणी केली, तिच्यात विचारप्रक्रिया व अध्यापन यांच्या जोडीला ‘सामाजिक उपस्थिती’ला, म्हणजे पडद्यापलीकडे खरी माणसे आहेत या जाणिवेला, स्थान दिले होते; आणि ती मांडणी लेखी चर्चेवरच बेतलेली होती, चेहऱ्यांवर नव्हे. म्हणून स्वाध्यायावर नुसते ‘छान’ न लिहिता, विद्यार्थ्याचे नाव घालून, ‘उत्पन्नाच्या आकड्यांसाठी मध्याऐवजी (सरासरीऐवजी) मध्यक (क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला) का निवडलात?’ असे विचारावे. तासाला प्रश्न टाकल्यावर उत्तर स्वतःच सांगून टाकण्याचा मोह (तो आम्हा शिक्षकांना फार!) आवरावा, कारण मोबाइलवर टंकायला वेळ लागतो. तास संपल्यावरही थोडा वेळ थांबावे. अडलेले विद्यार्थी बहुधा तेव्हाच बोलतात.