मिडटर्म: डावीकडे की मधे?

2024 ला व्हाइट हाऊस गेलं, मग 2026 च्या मिडटर्मसाठी (अध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर होणारी अमेरिकन संसदेची निवडणूक) डेमोक्रॅट्सनी अजून डावीकडे जावं की मधे यावं, असं विचारलंयस. अरे पण मिडटर्म ही एक निवडणूक नसतेच, हाऊसच्या (संसदेचं कनिष्ठ सभागृह) 435 वेगवेगळ्या लढती असतात आणि अध्यक्षाचा पक्ष बहुतेक वेळा मार खातोच (1934, 1998 आणि 2002 हे अपवाद). म्हणजे विरोधी पक्षाला वारं फुकटात मिळतं, फक्त ते वाया घालवायचं नाही.

2018 चंच बघ ना. मे 2017 मध्ये रिपब्लिकनांनी ओबामाकेअर (ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा) मोडायचं बिल हाऊसमध्ये 217 विरुद्ध 213 ने पास केलं आणि डेमोक्रॅट्सना आयता मुद्दा मिळाला. आधीपासून डायबेटिस, कॅन्सर असलेल्यांच्या विम्याचं काय, एवढंच धरून बसले, जाहिरातीत ट्रम्पचं नाव काढायची फारशी गरजच पडली नाही. शिकागोच्या उपनगरांत लॉरेन अंडरवूड उभी राहिली, ती स्वतः नर्स. पेनसिल्व्हेनियात ट्रम्पने जवळपास 20 पॉइंटने जिंकलेल्या भागात कॉनर लॅम्ब पोटनिवडणूक जिंकला, तेही हाऊसमधल्या स्वतःच्याच पक्षाच्या नेत्या नॅन्सी पेलोसीला नेता म्हणून पाठिंबा देणार नाही असं उघड सांगून. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डाव्या विचारांच्या ओकासिओ-कोर्टेझने प्रायमरी (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवायची निवडणूक) मारली. आता सांग, डावीकडे की मधे? जिथे जे चालतं ते.

खरी डोकेदुखी प्रायमरी. आपल्यासारखं हायकमांडने तिकीट कापलं असं तिथे नसतं, पक्ष फार तर चांगला उमेदवार शोधून त्याच्यामागे पैसा लावणार. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार 2022 ला डेट्रॉइटमधली गर्दीची प्रायमरी एक तृतीयांशापेक्षा कमी मतांत जिंकले आणि थेट काँग्रेसमध्ये (अमेरिकन संसदेत) गेले. रिपब्लिकनांना हे 2010 ला महागात पडलं, हाऊसमध्ये 63 जागा वाढल्या पण डेलावेअरमध्ये जिंकू शकणारा माइक कॅसल प्रायमरीत पडला, क्रिस्टीन ओडॉनल आली आणि सिनेटची (संसदेचं वरिष्ठ सभागृह) हाताशी आलेली सीट घालवली.

पण त्याच 2010 मध्ये त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांवर पैसा लावला होता, त्याकडे कुणी फार बघितलं नाही. जनगणनेनंतर बऱ्याच राज्यांत मतदारसंघांचे नकाशे तिथेच आखतात. 2012 ला देशभरात हाऊससाठी मतं डेमोक्रॅट्सना दहा लाखांहून जास्त पडली तरी बहुमत रिपब्लिकनांकडेच राहिलं, 234-201. त्यामुळे 2026 ला सगळा पैसा हाऊस-सिनेटमध्ये ओतू नये, गव्हर्नर आणि राज्यांच्या सीट्सही धराव्यात, 2030 ची जनगणना काही लांब नाही.