घर तारण ठेवून पहिला सिनेमा काढावा का?

प्रश्न: मी फोंड्याची, वय ४१. जत्रेतल्या नाटकांतून सुरुवात केली, आता मालिकांत काम करते. स्वतः लिहिलेला मराठी सिनेमा स्वतःच दिग्दर्शित करायचा आहे. खर्च ४० लाख: ठेवी आणि म्युच्युअल फंड मोडून २०, घर तारण ठेवून १५, मित्रमंडळींकडून ५. यजमान शिक्षक, मुलगी अकरावीत. करू का?

उत्तर: ताई, सिनेमा जरूर करा. घर मात्र तारण ठेवू नका.

तुमच्या अंदाजपत्रकात एक मोठा खर्च लिहायचा राहिला आहे, तो म्हणजे बुडणारं मानधन. मालिकांतून महिन्याला सरासरी ६० हजार मिळतात असं तुम्ही कळवलं आहे. तयारी, चित्रीकरण, संकलन यांत दीड वर्ष सहज जातं, म्हणजे १० लाख ८० हजार गेले. त्यात १५ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी धरलं, तर हप्ता सुमारे १९,८०० रुपये. सिनेमा लागो न लागो, तो दर महिन्याला भरायचाच. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक असते. गहाणाला यजमानांची संमती लागेल. त्यांच्यापुढे कागद ठेवण्याआधी हा हिशेब ठेवा.

माझं गणित असं. २० लाखांतले ६ लाख घरखर्चासाठी बाजूला काढा. उरलेले १४ आणि मित्रांचे ५ मिळून १९ लाख. त्यातले ७ लाख चित्रीकरणाआधीच वेगळ्या खात्यात टाका. ध्वनी, कलर ग्रेडिंग, सबटायटल्स, सेन्सॉर प्रमाणपत्र, महोत्सवांच्या प्रवेशिका हे सगळं शेवटी येतं आणि तोवर हात रिकामा झालेला असतो. चित्रीकरण झालेला पण पुरा न होणारा सिनेमा विकता येत नाही.

राहिले १२ लाख. त्यात बसेल अशी पटकथा पुन्हा लिहा: एक घर, चार-पाच पात्रं, पावसाळा टाळून. नाटकवाल्या माणसाला एका जागेत गोष्ट उभी करणं जमतं, ही तुमची खरी पुंजी आहे. तरीही बसत नसेल, तर आधी लघुपट करा.

मोठा सिनेमाच हवा असेल, तर दुसऱ्याचा पैसा शोधा. दर नोव्हेंबरात पणजीत इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या जोडीने फिल्म बाजार भरतो. निर्मात्याच्या शोधात असलेले प्रकल्प आणि अर्धवट झालेले सिनेमे दोन्ही तिथे मांडता येतात. २००९ सालचा कोकणी ‘पलतडचो मुनिस’ राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशावर झाला आणि टोरांटोत समीक्षकांचा पुरस्कार घेऊन आला.

करात तुम्हाला एक सवलत आहे. सामाईक मालमत्तेच्या जोडप्यांचं पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं धरलं जातं. तुमचं मानधन व्यवसायाचं उत्पन्न असेल, तर त्याचा अर्धा भाग यजमानांच्या विवरणपत्रात दाखवला जातो का, हे सीएला विचारा.

आणि मित्रांना लेखी करार द्या: नफ्यात वाटा, मुद्दल परत करण्याची हमी नाही. तो वाचून जे कचरतील, त्यांचे पैसे घेऊ नका.