नागपूरहून एका दिवसात जमेल असा छोटा, चढाचा, रानफुलांचा आणि नदीची खोल दरी दाखवणारा ट्रेक आहे का?

नागपूरच्या आसपास तशी दरी नाहीच, भाऊ. रामटेकला चढ मिळेल, पण वरून दिसतो तो खिंडसी तलाव. खरी दरी बघायची तर सावनेर-सौंसरमार्गे छिंदवाडा आणि पुढे तामियाजवळचं पातालकोट. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पहाटेच निघा. दूधी नदीचं खोरं काठावरूनच दिसतं. तिथवर गाडी जाते. पाय मोकळे करायचे असतील तर खाली भारिया-गोंडांच्या गावांकडे उतरणारी पायवाट धरा. उतरताना मजा वाटते, दम निघतो तो परत वर येताना. त्यामुळे पाणी संपवून बसू नका.

फुलांसाठी सप्टेंबर बरा. गुलाबी तेरडा असतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फटकन फुटतात आणि बिया उडतात, पोरांना तेवढंच पुरे. लाल-पिवळी कळलावी दिसली तर फक्त फोटो काढा, ती अख्खी विषारी, कंद तर जास्तच. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर खाली उतरू नका, शेवाळलेल्या दगडावर चांगला बूटही घसरतो.

चिखलदराही छान, पण सुट्टीत गर्दी फार.