कोरा पट्टा सोडला होता का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सोयाबीन घरात आले, पऱ्हाटीची (कपाशीची) पहिली वेचणी झाली, की माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. टॉनिक, वाण, माती, वीट, विषय काहीही असो, गोंधळ एकच असतो. फरक दिसतो, पण तो कशामुळे पडला हे कळत नाही. प्रयोगाचे प्लॉट मोजण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून यावेळी असे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

सरासरी काढताना सर्वांत कमी आलेला आकडा सोडून दिला तर चालते का? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, अकोला)

नाही. काटा बिघडला होता किंवा तो तुकडा डुकरांनी खाल्ला होता, अशी त्याच दिवशी वहीत नोंद असेल तरच सोडा, आणि सोडल्याचे अहवालात लिहा.

गेल्या साली सोयाबीन एकरी 7 क्विंटल झाले. यंदा कृषी केंद्रवाल्याने दिलेले टॉनिक 19:19:19 सोबत दोनदा फवारले, 9 क्विंटल झाले. पुढच्या हंगामात सहाही एकरांवर घेऊ का? (शेतकरी, दारव्हा तालुका)

अजून घेऊ नका. भाऊ, तुमचे 2 क्विंटल खोटे नाहीत. ते बाटलीतून आले, एवढेच सिद्ध झालेले नाही.

गेल्या सालचा पाऊस आणि यंदाचा पाऊस सारखा होता का? शेंगा भरताना पावसाने पंधरा दिवस खंड दिला की टॉनिक असो वा नसो, उतारा घटतोच. यंदा तो खंड पडला नसेल, तर बाटलीच्या नावावर जमा झालेले श्रेय पावसाचे आहे. दुसरे, 19:19:19 हे स्वतःच खत आहे, त्यात नत्र, स्फुरद, पालाश तिन्ही आहेत. टॉनिक नेहमी त्याच्यासोबतच फवारायला सांगतात. मग पीक हिरवे झाले की नाव टॉनिकचे होते. ही विक्रीची युक्ती आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो, कारण तिचे पैसे कास्तकाराच्या खिशातून जातात. तिसरे, ओलावा. यंदाचा माल 17 टक्के ओलाव्यावर मोजला असेल, तर 12 टक्क्यांवर आणल्यावर 9 क्विंटलचे साधारण साडेआठच राहतात (9 गुणिले 83, भागिले 88). म्हणजे वाढीतला अर्धा क्विंटल नुसते पाणी.

या सगळ्यावर उपाय एकच आहे, आणि तो मी प्रत्येक पत्राला लिहितो: त्याच वावरात, त्याच दिवशी पेरलेला, त्याच वाणाचा कोरा पट्टा. कोरा म्हणजे दुर्लक्षित नव्हे. त्याला निंदण, डवरणी, खत सगळे सारखेच. टॉनिक तपासायचे असेल तर कोऱ्या पट्ट्यावरही 19:19:19 आणि पाणी फवारा, फक्त टॉनिक घालू नका. मग जो फरक उरेल तो टॉनिकचा.

एक जोडी, म्हणजे एक टॉनिकचा आणि शेजारी एक कोरा पट्टा, पुरत नाही. वावर कधीच एकसारखे नसते. एका टोकाला भारी काळी, दुसऱ्या टोकाला बरड, धुऱ्याकडे (बांधाकडे) बाभळीची सावली. निदान चार ठिकाणी जोड्या करा आणि प्रत्येक जोडीत कोणता पट्टा कोरा ठेवायचा हे नाणे उडवून ठरवा. हे हसण्यावारी नेऊ नका. आपण ठरवायला गेलो की विहिरीजवळचा चांगला तुकडा आपोआप औषधाला जातो. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर 1919 साली रुजू झाले, आणि चिठ्ठी टाकून पट्टे ठरवण्याची शिस्त त्यांच्याच कामातून जगभरच्या शेती प्रयोगांत आली.

मोजताना पट्ट्याच्या कडेच्या ओळी सोडून द्या, त्यांच्यावर शेजारच्या पट्ट्यातली फवारणी उडते. ओळींत 45 सेंटीमीटर अंतर असेल तर मधल्या 10 ओळी, प्रत्येकी 10 मीटर, कापा. ते 45 चौरस मीटर होतात. त्यातल्या दाण्याचे वजन किलोत घेऊन 90 ने गुणा, की एकरी किलो मिळतात. 8 किलो भरले तर 7 क्विंटल 20 किलो. प्रत्येक पट्ट्याचा माल वेगळ्या पोत्यात, चिठ्ठी आत आणि बाहेर. एकदा सगळा माल एका गंजीत गेला की मी काय, कोणीच काही सांगू शकत नाही.

आणि हे मला दिवाळीत नको, पेरणीआधी विचारा. 1938 साली कोलकात्यातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत फिशर म्हणाले होते की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणे म्हणजे त्याच्याकडून शवविच्छेदन करून घेणे. दरवर्षी मी तेच करत बसतो. मे महिन्यात वावराचा कच्चा नकाशा घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, पट्टे आखून द्या म्हणा.

कोरा पट्टा सोडला तर तेवढे पीक बुडते त्याचे काय? (शेतकरी, मोर्शी)

टॉनिकचा कोरा पट्टा सोडून पीक बुडत नाही. कीडनाशकाची गोष्ट वेगळी. गुलाबी बोंडअळीच्या हंगामात पट्टा उघडा टाकून शेजाऱ्याला त्रास देऊ नका. तिथे नव्या औषधाची तुलना शिफारशीच्या औषधाशी करा, तीही कृषी विद्यापीठाच्या माणसाला विचारूनच.

तुमच्या सांगण्याप्रमाणे चार जोड्या केल्या. टॉनिकचे पट्टे 8.1, 7.4, 9.0, 6.9 किलो, कोरे 7.8, 7.6, 8.2, 7.0 किलो. सरासरी 200 ग्रॅम जास्त, म्हणजे एकरी 18 किलो. फायदा झाला ना? (शेतकरी, पुसद)

तुम्ही मोजले, याचा फार आनंद झाला. आता जोड्यांतले फरक एका ओळीत मांडा: अधिक 0.3, उणे 0.2, अधिक 0.8, उणे 0.1. दोनदा टॉनिक पुढे, दोनदा मागे. वाढ जवळजवळ सगळी तिसऱ्या जोडीने ओढून आणली आहे. चार जोड्यांतल्या चढउताराच्या हिशेबाने (95 टक्के खात्री धरून) खरा फरक एकरी 47 किलो तोट्यापासून 83 किलो फायद्यापर्यंत कुठेही असू शकतो. यातून टॉनिक निकामी ठरत नाही आणि कामाचेही ठरत नाही. पुढच्या हंगामात आठ जोड्या करा आणि वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रातल्या विषय तज्ज्ञाकडे जा. तोवर पैसे खर्च करू नका.

पत्रकावर ‘बोंडांत 40 टक्के वाढ’ लिहिले आहे. विश्वास ठेवावा का? (शेतकरी, हिंगणघाट)

कशाच्या 40 टक्के, किती झाडांवर, कोऱ्या पट्ट्यात किती, हे छापले नसेल तर ठेवू नका. 5 बोंडांची 7 झाली तरी 40 टक्केच होतात. बोंडे मोजून घरात कापूस येत नाही, वेचणीचे वजन मागा.

कीटकनाशक, बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मारले, पीक तजेलदार झाले. यातले कोणते लागू पडले? (शेतकरी, आर्णी)

कळायला मार्ग नाही. नुसत्या दोन गोष्टी तपासायच्या तरी चार पट्टे लागतात: पहिली, दुसरी, दोन्ही, एकही नाही. तीन गोष्टींना आठ.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. लेबलवर परवानगी नसलेली औषधे एकत्र करू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसे गेली, हे तुमच्या भागाला मी सांगायला नको. कोणी तरी म्हणाले, शेजाऱ्याने मारले, दुकानदाराने मिसळून दिले, हे आधार नव्हेत. फवारणीनंतर डोळे जळजळले, मळमळले, घाम सुटला तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जा.

एकाच वावराच्या मातीचा सामू (पीएच) एका प्रयोगशाळेत 7.9 आला, दुसरीत 8.6. खरा कोणता? (खारपाणपट्ट्यातील शेतकरी, दर्यापूर तालुका)

दोन्हीकडे एकच माती गेली होती का? दोन वेळा वेगळ्या जागची माती उचलली असेल तर दोन्ही आकडे खरे असू शकतात. धुरा, झाडाखालची जागा आणि खताचा ढीग टाळून 15 ते 20 ठिकाणी 22 सेंटीमीटरपर्यंत इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्या. एकत्र करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. मग त्याचे दोन भाग करून दोन्हीकडे पाठवा. मातीला अडीचपट पाणी घेतले का आणि यंत्र त्या दिवशी प्रमाणित द्रावणांवर लावून घेतले का, हेही विचारा. तरीही नुसत्या सामूवरून जिप्सम टाकू नका, क्षारता आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम बघूनच मृदशास्त्रज्ञ मात्रा सांगतील.

विद्यार्थ्यांनी एका कुंडीत गांडूळखत घालून 30 दाणे लावले, दुसरीत खताशिवाय 30. विज्ञान प्रदर्शनाला 30 नमुने लिहावेत ना? (शिक्षिका, गोंदिया जिल्हा)

नाही, ताई. नमुना एक-एकच झाला. खत कुंडीला दिले, दाण्याला नाही. एक कुंडी खिडकीजवळ असली तर तिचे तीसही दाणे एकदमच पुढे जातील. प्रत्येकी पाच-पाच दाण्यांच्या सहा-सहा कुंड्या करा, चिठ्ठ्या टाकून मांडा, दर दोन दिवसांनी जागा बदला. मुलांना हे पटते, मोठ्यांनाच वेळ लागतो.

आमचा बचत गट राखेच्या विटा करतो. मिश्रण बदलल्यावर वीट मजबूत झाली का हे घरी कसे बघावे? काही जण वीट खाली टाकून बघा म्हणतात. (बचत गटाच्या सदस्या, चंद्रपूर जिल्हा)

टाकून बघणे सोडा, ती ऐकीव परीक्षा आहे. घरी पाणी शोषण मोजता येते. वीट पूर्ण वाळवून वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, बाहेर काढून पुसा आणि लगेच पुन्हा वजन करा. वाढ कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको. जुन्या आणि नव्या मिश्रणाच्या प्रत्येकी पाच विटा घ्या, त्याही ढिगाच्या वरून नव्हे, वेगवेगळ्या दिवशी पाडलेल्या थप्प्यांतून. मजबुती मात्र दाबयंत्रावरच कळते. जवळच्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात चाचणी शुल्काची चौकशी करा, आणि प्रत्येक विटेवर पाडल्याची तारीख खडूने नव्हे, खिळ्याने कोरून न्या. पाण्यात खडू जातो.