ड्यूटीपलीकडची कमाई: सिस्टरांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ भागातल्या सिस्टरांची आहेत. विषय एकच आहे: पगाराला जोड हवी, पण ती आपल्याच शिक्षणातून. त्यातले पाच प्रश्न घेते.

खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत सहा वर्षं आहे. पगार पुरत नाही म्हणून डे ऑफला दुसरीकडे नाईट करते. पाठ गेली आणि घरी मुलगी रुसते. वेगळा काही मार्ग आहे का? – कळवा

आहे. पण आधी ती दुसरी नाईट बंद करता आली तर करा. सलग दोन पाळ्या झाल्यावर हात सवयीनं चालतात, लक्ष मात्र उडतं. औषध काढताना चूक झाली तर रजिस्ट्रेशन तुमचं जातं, आणि पेशंटचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्याकडे विकण्यासारखं काय आहे ते तुम्हाला दिसत नाही, कारण ते तुमच्या रोजच्या हातातलं आहे. कोपरीत ओळखीच्या आजोबांना भेटायला गेले होते. इन्सुलिनचं पेन बिघडलं म्हणून सूनबाई पेनच्या कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजनं इन्सुलिन काढत होत्या. सिरिंज लाल टोपीची, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट धरून रेघा आखलेली. कार्ट्रिजमधलं इन्सुलिन मात्र मिलिलिटरला १०० युनिटचं. त्यांनी अगदी नेमकं २० च्या रेघेपर्यंत भरलं होतं, आणि त्या रेघेपर्यंत आत ५० युनिट होते. अडीच पट! सुई टोचायच्या आत मी हात धरला. घरात दोन इंजिनियर होते, पण टोपीच्या रंगाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलाच नव्हता. डिस्चार्जच्या दिवशी बिल आणि टीपीएच्या (विम्याचे दावे बघणाऱ्या संस्थेच्या) धावपळीत तेवढा वेळ कुणाकडेच नसतो.

तो वेळ तुम्ही द्या, आणि त्याचे पैसे घ्या. घरी आलेल्या पेशंटच्या माणसांना दीड-दोन तास बसवून शिकवायचं: राइल्स ट्यूबनं (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीनं) फीड देताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, दर दोन तासांनी कूस बदलायची, वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यायची, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) पिशवी कमरेच्या खाली ठेवायची. तुमच्यासमोर त्यांच्या हातून करून घ्यायचं, नुसतं सांगून भागत नाही. ब्युरोमार्फत (घरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत) पेशंट सांभाळायला घरोघरी जाणाऱ्या मावशींनाही याची फार गरज आहे. आपल्या भागातल्या ब्युरोवाल्याशी बोला. शिकलेली मावशी त्यालाही हवीच असते.

डोस बदलायला सांगू नका. डॉक्टरांच्या लेखी कागदाबाहेर एक शब्द नको. आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "सिस्टर, हे अँटिबायोटिकचं इंजेक्शन तेवढं टोचून द्या, शंभर रुपये घ्या," तर स्पष्ट नाही म्हणा. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे औषधाची जीवघेणी ॲलर्जी, झाला तर त्यांच्या हॉलमध्ये तुमच्याकडे ना ॲड्रेनलिन, ना ऑक्सिजन.

महापालिकेच्या रुग्णालयात कायम नोकरीत आहे. सुट्टीच्या दिवशी नर्सिंग प्रवेशाच्या मुलींना शिकवलं तर चालेल? – नेरूळ

लेखी परवानगीशिवाय नाही. राज्य सरकारी सिस्टरांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि त्यांत पूर्वपरवानगीशिवाय खासगी नोकरी-धंद्याला मनाई आहे. तुम्हाला तुमच्या महापालिकेचे सेवानियम बघावे लागतील. आस्थापना विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या. मेट्रननं तोंडी "कर गं" म्हटलं, एवढ्यावर जाऊ नका.

बाळंतिणींसाठी स्तनपानाचे वर्ग घेते. एका दूध पावडर कंपनीचा माणूस आला होता. वर्गात फक्त डबा दाखवायचा, आईमागे पैसे देणार. घेऊ का? – ऐरोली

अजिबात नाही. शिशू दुग्धपर्याय कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळाच्या पावडरचा किंवा बाटलीचा खप वाढवण्यासाठी आरोग्यसेवकाला पैसे किंवा भेटवस्तू देणं हा त्यात गुन्हा आहे. आईमागे पैसे, पेन, कॅलेंडर, कॉन्फरन्सचं तिकीट, यातलं काहीही असो.

कायदा बाजूला ठेवून बोलते. तिसऱ्या दिवशी छाती दगडासारखी झालेली, बाळ रडतंय, सासू म्हणतेय "हिला दूधच नाही." त्या क्षणी ती मुलगी फक्त तुमच्या तोंडाकडे बघत असते. तिथं डबा दाखवलात तर तिचं स्तनपान तिथंच संपू शकतं. त्याऐवजी बाळाला कसं लावायचं ते दाखवा: स्तनाग्रच नव्हे, भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात, हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. फी आईकडून घ्या. चांगली घ्या, ताठ मानेनं घ्या. ज्या घरी बारशाचा हॉल महिनाभर आधी बुक होतो, तिथं तुमच्या तासाभराची फी जड होत नाही.

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीनं सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) शिकवायला बोलावलंय. किती पैसे मागू? प्रमाणपत्र देऊ का? – ठाणे

तासाभराच्या वर्गाला जाणं-येणं, तयारी आणि सामान धरून अर्धा दिवस जातो. पैसे त्या अर्ध्या दिवसाचे मागा. मॅनेकिन (सरावाचा पुतळा) भाड्यानं आणा, त्याशिवाय वर्ग घेऊ नका. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास हे ऐकून कळत नाही. स्वतः दाबल्यावर, घाम फुटल्यावर कळतं. प्रत्येकाला दोन मिनिटं तरी दाबायला लावा, म्हणजे माणूस बदलावा का लागतो तेही समजेल.

स्वतःच्या नावानं प्रमाणपत्र छापू नका. हजेरीचा कागद द्या. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांत शिकवायचं मनात असेल तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या मान्यताप्राप्त संस्थेशी जोडून घ्या. कारखान्यांना तिथलंच प्रमाणपत्र उपयोगी पडतं.

इन्स्टाग्रामवर आरोग्याची माहिती द्यायची आहे. काय सांभाळू? शाळेनं किंवा कंपनीनं फी दिली तर टॅक्सचं काय? – वाशी

वॉर्डात मोबाइल काढू नका. पेशंटचा चेहरा झाकला तरी बेड नंबर, आवाज, हातावरचं गोंदण यावरून ओळख पटते. तुम्ही नोंदणीकृत परिचारिका आहात हे पानावर स्पष्ट लिहा, आणि कुठल्या वस्तूचे पैसे मिळाले असतील तर तेही त्याच व्हिडिओत सांगा. "शुगर कायमची घालवा" अशी जाहिरात घेऊ नका, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे.

टॅक्सचं सोपं आहे. फीची पावती द्या आणि वहीत लिहून ठेवा. एका कंपनीकडून वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त फी झाली की ती साधारण १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापते. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या. पगाराव्यतिरिक्तचं हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षी हॉस्पिटलच्या फॉर्म १६ वर न थांबता एखाद्या सीएकडे एकदा जाऊन या.